उरलं ते मागचं चाक

(दृश्य: रिकामी वाट. फ्रेमच्या कडेला फक्त एक टायर.)

बटण वेळेवर दाबलं होतं. सायकलवरचा रायडर जंपवरून उडालाही होता. फोटोत उरलं मागचं चाक.

ताशी ३० किलोमीटर वेगाने उतरणारी सायकल सेकंदाला सव्वाआठ मीटरहून जास्त पुढे जाते. कॅमेऱ्याने फोकस शोधण्यात ०.३ सेकंद घालवले, तर तेवढ्यात ती अडीच मीटर सरकते, म्हणजे स्वतःच्या लांबीहून जास्त. उतारावरच्या सायकलींचे फोटो टिपायला छोटा कॅमेरा घेताना पहिला प्रश्न या उशिराचा. मेगापिक्सेलचं नंतर बघू.

(दृश्य: बटणावर बोट, स्क्रीनवर हिरवी चौकट.)

सायकल जिथून उडणार, त्या मातीच्या कडेवर आधीच फोकस घ्यायचा. बटण अर्धं दाबून तसंच धरायचं, चाक कडेला आलं की पूर्ण दाबायचं. रिको जीआर ३ मध्ये ‘स्नॅप फोकस’ आहे. अडीच मीटर अंतर आधीच ठरवून ठेवलं, की बटण एका दमात दाबल्यावर कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. लेन्स मात्र २८ मिलिमीटरची, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी, झूम नाही. ट्रेलला, म्हणजे सायकलच्या कच्च्या वाटेला, खेटून बसायची तयारी हवी.

लांबून टिपायचं असेल तर सोनी आरएक्स१०० मार्क ७. झूम २४ ते २०० मिलिमीटर (आकडा मोठा तितकं दृश्य जवळ), सेकंदाला २० फ्रेम. सायकल दोन फ्रेममध्ये जेमतेम ४२ सेंटीमीटर सरकते. पण बोट दाबूनच ठेवलं तर कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी भरते, तो कार्डावर लिहीत बसतो आणि मागून येणारा रायडर निसटतो. अर्ध्या सेकंदाचा झटका पुरे.

(दृश्य: झाडीतला उतार, उन्हाचे तुकडे.)

इथे खरी परीक्षा. शटर १/१००० ठेवायचं, म्हणजे सेकंदाचा हजारावा भागच उघडं, तर दाट सावलीत आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, १६०० किंवा ३२०० पर्यंत जातो. सोनीचं झूम पूर्ण ताणलं की लेन्सचं तोंड एफ/२.८ वरून एफ/४.५ वर येतं (आकडा मोठा तितकं तोंड लहान), प्रकाश अडीचपट घटतो. म्हणून सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, निदान १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, ज्याला एक इंची म्हणतात तो, हवाच. स्वस्त कॅमेऱ्यांतल्या सेन्सरचं क्षेत्रफळ याच्या साधारण पाव असतं. तिथे सावलीतला चेहरा दाणेदार होतो.

(दृश्य: स्लो मोशनमध्ये फिरणारं चाक.)

सायकल ३० ने जात असेल, तर टायरचा वरचा भाग ६० ने पुढे जातो आणि जमिनीला टेकलेला क्षणभर थांबलेला असतो. त्यामुळे १/१००० ला चेहरा स्पष्ट आणि टायर किंचित पुसट येतो. असाच हवा; सगळंच गोठलं तर सायकल उभी वाटते. १/२५० ला कॅमेरा स्थिर धरला तर चेहराही जातो. तिथे कॅमेरा रायडरबरोबर फिरवायचा, १/१२५ सुद्धा चालतो. आणि आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सर ओळीओळीने हळू वाचला जातो, सरळ स्पोक वाकडे दिसतात. वरच्या सोनीचे २० फ्रेम मात्र इलेक्ट्रॉनिक शटरवरच मिळतात; त्याचा सेन्सर झटपट वाचला जातो, तिथे चालेल.

(दृश्य: धुळीने माखलेली लेन्स.)

बाहेर सरकणाऱ्या लेन्समध्ये माती गेली की ती अडकते. कॅमेरा बंद डबीत, कमरेच्या पाऊचमध्ये एका बाजूला ठेवा; मणक्यावर नको, पडलात तर पाठ त्याच्यावरच आपटते.