डिस्नेहून परतलेली माणसं

नमस्कार. वीसेक वर्षं मी टूर लीडर म्हणून पर्यटकांचे ग्रुप घेऊन परदेशी जात होते. त्यातही अमेरिकेच्या वाऱ्या सगळ्यात जास्त. आज जे सांगणार आहे ते कोचच्या पहिल्या सीटवर बसून, मागे वळून माणसांचे चेहरे बघत शिकले.

आमच्या कार्यक्रमात ऑरलँडो आधी यायचं आणि ग्रँड कॅन्यन नंतर. फ्लोरिडात डिस्ने वर्ल्डमध्ये तीन दिवस, मग विमानानं लास व्हेगास आणि तिथून कोचनं कॅन्यन. एकदा दिवाळीच्या सुट्टीतला ग्रुप घेऊन मी साउथ रिमला, म्हणजे कॅन्यनच्या दक्षिण काठावर पोहोचले, तर दरी ढगांनी काठोकाठ भरलेली. 446 किलोमीटर लांब, दीड किलोमीटरहून जास्त खोल अशी ती दरी, आणि कठड्यापलीकडे नुसतं पांढरं. नऊ वर्षांचा एक मुलगा माझा हात ओढून म्हणाला, "मावशी, शो किती वाजता सुरू होणार?" मुलाचं ठीक आहे. पण दहा मिनिटांत त्याचे वडीलही आले आणि अगदी शांतपणे विचारू लागले, "आजच्या दिवसाचे पैसे परत मिळतील का? कारण आपण काही पाहिलेलंच नाही." ते गृहस्थ चांगले होते, भांडकुदळ अजिबात नव्हते. तीन दिवस त्यांच्यासमोर प्रत्येक गोष्ट ठरल्या वेळी उलगडली होती. चौथ्या दिवशी निसर्गानं वेळ पाळली नाही, तर त्यांना ती चक्क सेवेतली त्रुटी वाटली.

त्याच ग्रुपमध्ये साताऱ्याच्या एक आजी होत्या. शाल घट्ट लपेटून कठड्याशी उभ्या होत्या. मी म्हटलं, "आजी, गाडीत बसा, गारठा आहे." त्या म्हणाल्या, "अगं, आमच्या महाबळेश्वरला आर्थर सीटला जुलैत असंच असतं. धुकंच बघायचं." आणि खरोखर बघत होत्या. ढग खालून वर येत होता, कठड्याला थटून वळत होता, मधेच एक झाड दिसायचं आणि पुसलं जायचं. आम्ही निघेपर्यंत दरी काही उघडली नाही.

आपल्याकडे या अवस्थेला नेमका शब्द आहे. सोकावणं. मांजर दुधाला सोकावतं तसा माणूस सोयीला सोकावतो. आणि डिस्ने वर्ल्डइतकं पद्धतशीर सोकावणारं ठिकाण मी दुसरं पाहिलेलं नाही. हे मी आदरानं म्हणते. तिथे काय केलंय ते समजून घेतल्याशिवाय आपल्याला काय होतं ते कळणार नाही.

कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला पहिलं डिस्नेलँड 17 जुलै 1955 ला उघडलं. जागा लहान होती. बघता बघता आजूबाजूला मोटेलं आणि झगमगत्या पाट्या उभ्या राहिल्या, अगदी कुंपणाला लागून. ते उभारणाऱ्या वॉल्ट डिस्ने यांना हे फार खुपलं. म्हणून फ्लोरिडात त्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी गुपचूप जमीन घेतली. भाव चढू नये म्हणून नाव लपवलं, आणि बाहेरचं जग आत डोकावू नये म्हणून जमीन अफाट घेतली. आजही तो पसारा 100 चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. आपलं बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान डोळ्यांसमोर आणा, साधारण तेवढा. वॉल्ट डिसेंबर 1966 मध्ये गेले. 1 ऑक्टोबर 1971 ला फ्लोरिडातलं हे ठिकाण उघडलं तेव्हा त्यांचे थोरले भाऊ रॉय तिथे होते. धाकट्याचं नाव लागावं म्हणून त्यांनीच ते 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' केलं, आणि त्याच डिसेंबरात तेही गेले.

ती जमीन म्हणजे दलदल. डासांचं माहेरघर. तरी तीन दिवसांत माझ्या ग्रुपमध्ये कुणी अंग खाजवताना मला दिसलं नाही. यामागे विल्यम पॉटर नावाचे निवृत्त लष्करी अभियंते होते. पनामा कालवा विभागाचे ते गव्हर्नर राहिलेले होते, त्यामुळे डास आणि पाणी यांचं नातं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी सगळ्या आवारात कालवे खणून पाणी वाहतं ठेवलं. साचलं की डास, वाहिलं की नाही, एवढं साधं तत्त्व. आजही तिथे ठिकठिकाणी कोंबड्या पाळलेल्या आहेत. डासांमुळे येणारा एखादा विषाणू शिरला तर कोंबड्यांच्या रक्तात तो आधी दिसतो. कोंबड्या स्वतः त्यानं आजारी पडत नाहीत.

यातलं काहीच पाहुण्याला दिसत नाही. मॅजिक किंग्डम या डिस्ने वर्ल्डमधल्या मुख्य बागेत आपण चालतो ती जमीन खरं तर पहिला मजला आहे. पाणी वरच लागत असल्यामुळे तळघर खणता येईना, तेव्हा बोगदे जमिनीवर बांधले, शेजारचा तलाव खोदून निघालेली माती त्यांच्याभोवती लोटली आणि वर गाव वसवलं. कर्मचारी त्या बोगद्यांतून ये-जा करतात. असं सांगतात की ॲनाहाइमला एकदा काउबॉयच्या वेषातला कर्मचारी भविष्यकाळाच्या भागातून लगबगीनं जाताना वॉल्टनी पाहिला आणि ते अस्वस्थ झाले. कचरासुद्धा नळ्यांमधून हवेनं ओढला जातो, ताशी 100 किलोमीटरच्या आसपास वेगानं. कचऱ्याची गाडी म्हणून दिसत नाही.

मॅजिक किंग्डममधल्या मेन स्ट्रीट या रस्त्यावर उभं राहून मी ग्रुपला दुकानांचे वरचे मजले बघायला सांगायचे. खालचा मजला जवळजवळ खऱ्या मापाचा, वरचा लहान, त्यावरचा आणखी लहान. म्हणून इमारत उंच वाटते. समोरचा सिंड्रेलाचा किल्ला 189 फूट आहे, पण वर जाताना त्याच्या खिडक्या आणि दगड लहान होत जातात, आणि डोळ्याला तो आभाळात घुसलेला दिसतो. कुठून पाहिलं की काय दिसावं हे तिथे कुणीतरी आधी उभं राहून ठरवलेलं आहे. रस्त्याच्या शेवटी काहीतरी उंच, खुणावणारं असतंच. तिकडे गेलात की पुढचं दिसतं. दिवसाअखेरी पाय दुखतात, पण आता कुठे बघू, हा प्रश्न एकदाही पडलेला नसतो.

एकदा भर दुपारी झाडू मारणारा एक तरुण थांबला. झाडू बादलीत बुडवला आणि फरसबंदीवर पाण्यानं मिकी माउस काढला, चार फटकाऱ्यांत. आमच्या ग्रुपमधल्या दोन मुली उकिडव्या बसल्या. उन्हानं तो कडेकडेनं वाळत गेला, कान आधी, मग नाक, आणि तो पूर्ण नाहीसा होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. झाडूवाल्याच्या हातालाही तिथे कला दाखवायची मुभा आहे, हे मला आजही फार मोठं वाटतं.

तर अशा ठिकाणाहून माणूस बाहेर पडतो. ही सगळी मेहनत लपलेली असल्यामुळे त्याला ती मेहनत वाटतच नाही. त्याला वाटतं, जग असंच असतं. बाकीचे लोक ढिलाई करतात. एपकॉट या डिस्ने वर्ल्डमधल्याच दुसऱ्या बागेत तळ्याभोवती अकरा देश मांडलेत, तिथला आयफेल टॉवर मूळच्या साधारण एक दशांश आहे. तो पाहून पुढे खऱ्या पॅरिसला गेलेले लोक मला म्हणालेत, "तिथे फार गर्दी होती, आणि बसायला जागा नाही." टॉवरबद्दल एक शब्द नाही. हे ऐकून मला वाईट वाटायचं. पॅरिसमध्ये लोक राहतात, नोकरीला जातात, भांडतात. ते शहर आपल्यासाठी उभं केलेलं नाही, आणि परक्या गावी जाण्यातली खरी गंमत मला तरी तीच वाटते. तुमची वाट न बघणाऱ्या जगात चार दिवस शिरायचं.

बरं, सोकावलेल्या माणसाला पुढे तेच ठिकाणही पुरत नाही. रांग टाळायची फास्टपासची सोय 1999 साली फुकट सुरू झाली होती, 2021 पासून तिच्या जागी पैसे मोजायची सोय आली. जुने जाणारे अजून हळहळतात. पण तो वेगळा विषय.

माझ्या नात्यातलं एक कुटुंब न्यू जर्सीत राहतं. वर्षाआड ऑरलँडो ठरलेलं. एका मे महिन्यात ते मुलांना घेऊन गुहागरला आले. पहिला दिवस आंब्यांत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वर्षांचा मुलगा ओटीवर येऊन विचारतो, "आज काय प्लॅन आहे?" आजोबा म्हणाले, "समुद्र." तो म्हणाला, "तो काल पाहिला." आईबापांचे चेहरे उतरले. आजोबा चिडले नाहीत. कालनिर्णय भिंतीवरून काढून त्यांनी त्याच्या मांडीवर ठेवलं. "आज तिथी कुठली? चतुर्थी. चाराचे पाऊणपट किती? तीन. आज तीनच्या सुमारास भरती पूर्ण होणार. जा, बघून ये खरं की खोटं." आपल्या किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब, कोळ्यांच्या घरात लहान पोरालाही येतो. मुलगा घड्याळ लावून पुळणीवर बसला. काठीनं रेघा मारत राहिला, पाणी रेघ पुसेल तशी मागे दुसरी रेघ. तीन वाजून दहा मिनिटांनी पळत आला. दुसऱ्या दिवशी पंचमी, म्हणजे पावणेचार, हा हिशेब त्यानं जेवताना स्वतःच केला. त्या मुलाला वेळापत्रकाचीच सवय होती. समुद्रालाही ते असतं, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

इथपर्यंत मी सोकावण्याची एक बाजू सांगितली, आणि बरीच वर्षं मला तेवढीच ठाऊक होती. मग मी आईला घेऊन गेले.

आईचे दोन्ही गुडघे गेलेले. आपल्या सगळ्यांच्या घरात एक वाक्य असतं, ते तिचंही होतं. "तुम्ही या जाऊन, मी बसते इथे." पन्हाळा असो, गणपतीपुळे असो, एखादं प्रदर्शन असो, ती पर्सा, चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत बाकावर बसायची आणि आम्ही जाऊन यायचो. आम्हाला त्यात काही चुकतंय असं वाटायचं नाही. तिलाही नाही.

ऑरलँडोत पहिल्या सकाळी तिला चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि तिनं सवयीनं ते वाक्य म्हटलं. मराठीतच, पण खुर्चीपाशी उभ्या असलेल्या बाईंना हातवाऱ्यांवरून कळलं असावं. त्या गुडघे टेकून आईच्या डोळ्यांच्या पातळीवर आल्या, माझ्याशी न बोलता आईशीच बोलल्या, आणि खुर्चीची वाट कुठून आहे ते तिला हातानं दाखवलं. 'स्मॉल वर्ल्ड'च्या होड्यांमध्ये एक होडी खुर्चीसकट आत घेणारी आहे. 1964 च्या न्यू यॉर्क जागतिक मेळ्यासाठी बनवलेली ती सफर, नाचणाऱ्या बाहुल्यांची. आई त्या होडीत सगळ्यांच्या बरोबरीनं बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "परत जायचं." आम्ही तीनदा गेलो. तीन दिवसांत ते वाक्य तिनं पुन्हा म्हटलं नाही.

नंतर मला कळलं की डिस्नेलँडची कल्पनासुद्धा बाकावरच सुचली होती. वॉल्ट शनिवारी मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मेरी-गो-राउंडवर घेऊन जायचे आणि स्वतः बाकावर शेंगदाणे खात बसायचे. आईबाप आणि मुलं दोघांनाही एकत्र मजा करता येईल अशी जागा का नसावी, असं त्यांना तिथे वाटलं. त्यांनीच ते पुढे सांगितलंय. अर्थात सगळं श्रेय एका कंपनीला देणं बरोबर नाही. अमेरिकेत 1990 चा कायदा आहे, दिव्यांगांना सार्वजनिक जागी शिरता आलंच पाहिजे असा. आपल्याकडे 2016 चा आहे.

परतल्यावर त्याच हिवाळ्यात आम्ही आपल्याकडच्या एका प्रसिद्ध लेण्यांपाशी गेलो. गाडीतून उतरताना मी तिच्या वाक्याची वाट बघत होते. पर्स घ्यायला मी हातसुद्धा पुढे केला नाही. आई पायऱ्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "इथे खुर्ची का जात नाही?"

मी निरुत्तर झाले. वीस वर्षं या धंद्यात असून हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता. आईही सोकावली होती. पण तिच्या आत जे बदललं होतं ते कॅन्यनवरच्या त्या गृहस्थांसारखं नव्हतं. ढगानं बाजूला व्हावं असं तिला वाटत नव्हतं. जे माणसानं करायचं राहिलंय, तेवढ्यावर तिनं बोट ठेवलं. ही चटक मला कुणाचीच मोडायची नाही. स्वच्छ संडास, प्यायचं पाणी, सावलीत बाक, हाताला कठडा, यासाठी माणूस रुसला तर रुसू दे. पुढच्या प्रत्येक टूरमध्ये मी बुकिंगच्या फोनवर पायऱ्या किती हे विचारू लागले. निम्म्या वेळा पलीकडच्या माणसाला सांगता यायचं नाही.

त्यानंतर आईनं एक वही केली. जिथे जाऊ तिथे नातवाला पायऱ्या मोजायला लावायची आणि घरी येऊन लिहायची. गावाचं नाव, पायऱ्या, कठडा आहे की नाही, बाक आहे का, सावलीत आहे का. सात वर्षांच्या नोंदी आहेत, तिच्या बारीक, तिरक्या अक्षरात. काही पानांवर वरून काय दिसतं तेही आहे, नातवानं सांगितलेलं. शेवटच्या पानावर कोकणातल्या एका देवळाचं नाव आहे आणि खाली दोन ओळी. "पायऱ्या 112. कठडा नाही, बाक नाही. खाली दगडावर बसले, सव्वा तास."