पुडीवर काही लिहिलेलं नसतं

नमस्कार, श्रोतेहो.

माझा दवाखाना शहादा तालुक्यात, तापीपासून फार लांब नाही. महाशिवरात्रीची रात्र होती. साडेदहाच्या सुमाराला दोन पोरं एका अठरा वर्षांच्या मुलाला मोटारसायकलवर मधे बसवून घेऊन आली. मागून रिक्षात त्याची आई. मुलाचे डोळे लालबुंद, ओठ कोरडे, नाडी मिनिटाला १४० च्या घरात. माझा हात त्यानं असा धरला होता की बोटं दुखायला लागली. एकच वाक्य चाललं होतं, "मी मरी ऱ्हायनू, ताई, मी मरी ऱ्हायनू." आई दारातच खाली बसली. "मना पोऱ्याले काय व्हयनं?" एवढंच विचारत राहिली.

मित्रांना बाजूला घेऊन विचारलं. आधी दोघं गप्प. मग एकानं सांगितलं. संध्याकाळी सहाला दुधातून भांगेची एक गोळी घेतली होती. पाऊण तास झाला, काहीच नाही. मित्र म्हणाला, "काही व्हत नही रे, आखो एक ले." दुसरी घेतली. आठ वाजेपर्यंत दोन्ही एकदम चढल्या.

त्या रात्री मी औषध असं फारसं दिलं नाही. भांगेवर उतारा म्हणून देता येईल असं औषध नाहीच. खोलीतला मोठा दिवा बंद केला, आईला त्याच्या उशाशी बसवलं, थोडं थोडं पाणी पाजलं, उलटी झाली तर घशात जाऊ नये म्हणून कुशीवर निजवलं आणि नाडी मोजत बसले. दर दहा मिनिटांनी त्याला सांगत होते, "हे उतरणार आहे. वेळ लागेल, पण उतरणार आहे." पहाटे चारला तो झोपला. सकाळी उठून चहा मागितला आणि मला विचारलं, "भांग तर हलकी असते ना, ताई?"

आजचं बोलणं त्या प्रश्नावर आहे. हलकी म्हणजे काय, आणि ती आपल्याला निवडता येते का?

झाड एकच. त्याची पानं वाटली की भांग. मादी झाडाचा फुलोरा, म्हणजे शेंडे, वाळवले की गांजा. त्या फुलोऱ्यावरचा चीक हाताला चोळून गोळा केला की चरस. नशा आणणारं जे द्रव्य आहे त्याला टीएचसी म्हणतात. इस्राएलमधल्या राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये ते वेगळं काढलं आणि त्याची रचना मांडली. मादी फुलाजवळ भिंगातून पाहिलं तर काचेच्या टाचणीसारखे बारीक बारीक दाणे दिसतात, देठावर डोकं असलेले. टीएचसी मुख्यतः तिथे तयार होतं. पानावर ते दाणे विरळ, म्हणून पान फुलाच्या मानानं सौम्य. नर झाड वेळेवर उपटलं, मादीला परागकण मिळू दिले नाहीत, तर ती बी धरत नाही आणि चीक जास्त सोडते. बिया कमी असलेला गांजा जड असतो असं जुनी माणसं सांगायची, त्यामागचं कारण हेच.

आपल्याकडे मोहाच्या दारूला 'पहिल्या धारेची' म्हणतात. पहिल्या धारेची आणि नंतरच्या धारेची यातला फरक आपल्या गावातल्या न पिणाऱ्या माणसालाही कळतो. गांजाच्या बाबतीत हीच अक्कल आपण कधी वापरली नाही. "गांजा म्हणजे गांजा," एवढ्यावर विषय संपवला. पण आजचा गांजा आजोबांच्या चिलमीतला राहिलेला नाही. अमेरिकेत पोलिसांनी पकडलेल्या मालाची तपासणी वर्षानुवर्षं होत आली आहे. १९९५ मध्ये त्यात सरासरी ४ टक्के टीएचसी होतं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांच्या आसपास गेलं. म्हणजे वीस वर्षांत तिप्पट. यंत्रानं काढलेले अर्क तर ६०, ७०, ८० टक्क्यांचे निघतात. बियाणं, लागवडीची पद्धत, जगभराची मागणी, सगळं जडाच्या दिशेनं सरकलं आहे.

आता नंदुरबारच्या मिरची बाजारात चला. हिवाळ्यात पथारीवर लालभडक मिरची वाळत घातलेली असते, ठसका इतका लागतो की रुमाल नाकाला लावल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. तिथला व्यापारी मिरची हातात घेऊन मोडतो, वास घेतो, सांगतो. रंगाला हवी तर ब्याडगी घ्या, तिखटाला हवी तर लवंगी घ्या. घरातली बाई किलोभर तिखट करताना कोणती किती घालायची ते ठरवते. भाजी जास्त झणझणीत झाली तर पहिल्या घासालाच कळतं आणि माणूस हात आखडतो. गांजाच्या पुडीला यातलं काहीच नाही. नाव नाही, जात नाही, मोडून पाहणारा जाणता नाही. वास उग्र असला म्हणजे माल जड, हेही खरं नाही, कारण वासाची द्रव्यं वेगळी आणि नशेचं द्रव्य वेगळं. रंगावरूनही कळत नाही. आणि खाल्लेली भांग तर पहिल्या घासाला काहीच सांगत नाही.

ते का, हे थोडं उलगडून सांगते. त्या मुलाची चूक नेमकी इथेच झाली. धूर ओढला की टीएचसी फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत काही मिनिटांत पोचतं. खाल्लं की आधी पोटात, मग आतड्यात, मग यकृतात जातं. यकृत त्याचं दुसऱ्या द्रव्यात रूपांतर करतं आणि ते द्रव्य मूळच्यापेक्षा कमी नाही, उलट जास्तच नशा आणतं. या सगळ्या प्रवासाला अर्धा तास ते दोन तास लागतात. असर सहा-आठ तास टिकतो, कधी त्याहून जास्त. पाऊण तासानं "काही होत नाही" म्हणून दुसरी गोळी घेणारा माणूस पहिलीची वाट पाहायचीच विसरलेला असतो. पान हलकं असेल, पण दोन मोठ्या गोळ्या हलक्या नव्हेत. प्रमाण वाढवलं की सौम्य माल जड होतोच, हे इतकं साधं आहे.

हलका आणि जड हा भेद आपल्या देशाला नवा नाही. इंग्रज सरकारनं १८९३ मध्ये या विषयावर एक आयोग नेमला होता. त्यानं गावोगावच्या साक्षी घेऊन भांग, गांजा आणि चरस यांचा वेगवेगळा विचार केला. त्या काळात आपल्या शेजारच्या निमाड जिल्ह्यात, भुसावळहून रेल्वेनं सरळ वर गेलं की लागणाऱ्या खंडव्याच्या भागात, परवान्यानं गांजाची लागवड होत असे. पुढे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंही गांजाच्या व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे घेतले, आणि शेंड्यांशिवायची पानं व बिया वगळल्या. पण यावरून कुणी "भांग कायदेशीर आहे" असं समजू नका. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा लागू आहे. त्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय भांग जवळ बाळगणं आणि घेणं हाही गुन्हा आहे. गांजाची लागवड केली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. शिरपूरच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी पोलिसांनी गांजाची शेतं उपटल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

जिथे कायद्यानं विक्री होते, तिथे सौम्य मालाचा विचार कसा झाला हे पाहण्यासारखं आहे. उरुग्वे या देशानं २०१३ मध्ये कायदा केला आणि २०१७ पासून औषधाच्या दुकानातून सरकारी देखरेखीखाली विक्री सुरू केली. सुरुवातीचा माल मुद्दाम २ टक्के टीएचसीचा ठेवला. लोकांनी तक्रार केली की हा फार हलका आहे, आणि पुढे सरकारला जास्त जड वाण आणावे लागले. कॅनडात खाण्याच्या एका पाकिटात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी घालता येत नाही. जर्मनीनं २०२४ मध्ये १८ ते २१ वयाच्या तरुणांना, सभासदांनी मिळून गांजा पिकवायच्या क्लबमधून मिळणाऱ्या गांजावर १० टक्के टीएचसीची मर्यादा घातली. या सगळ्यांकडे एक गोष्ट आहे जी आपल्याकडे नाही, ती म्हणजे पाकिटावर छापलेला आकडा. आकडा नसेल तर निवड नुसती बोलण्यापुरती उरते. चोरून घेतलेल्या पुडीतून कुणी "हलका माल" निवडू शकतो, यावर माझा विश्वास नाही. विकणारा जे सांगेल ते तुम्ही ऐकता, आणि त्यालाही ठाऊक नसतं.

मग हे सगळं सांगायचं कशाला, असं काही जण म्हणतील. सांगते, कारण न बोलण्याची किंमत मी पाहिली आहे. दवाखाना सुरू केला त्या वर्षी एक मुलगा स्वतःहून आला होता. "रोज ओढतो, झोप येत नाही," म्हणाला. मी त्याला फक्त रागावले. किती, कसा, कधीपासून, यातलं काही विचारलं नाही. तो परत आला नाही. दोन वर्षांनी त्याचे वडील त्याला घेऊन आले तेव्हा भिंतीतून आवाज येतात असं तो सांगत होता. त्याच्या आजाराला गांजा एकटाच जबाबदार होता असं मी म्हणणार नाही. पण मी विचारायला हवं होतं, ही बोच गेलेली नाही.

युरोपातल्या काही शहरांत आणि ब्राझीलमध्ये मिळून झालेला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १० टक्के किंवा जास्त टीएचसीचा माल रोज घेणाऱ्यांमध्ये मनोविकृतीची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास पाचपट आढळली. म्हणून जड आणि रोज, या दोन गोष्टी एकत्र आल्या की मला भीती वाटते. ज्याच्या घरात कुणाला असा आजार झालेला आहे, त्यानं सौम्य-जड असा हिशेब करूच नये, लांबच राहावं. गरोदर बाईनंही. आणि पोरांनी. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चाललेली असते, त्यामुळे सोळाव्या वर्षी घेतलेला हलका दम चाळिशीतल्या माणसाच्या हलक्या दमाइतका हलका नसतो.

सीबीडी नावाचं दुसरं द्रव्य या झाडात असतं. त्यानं नशा चढत नाही. ते जास्त असलं की टीएचसीचा त्रास आवरला जातो असं बराच काळ मानलं जायचं. २०२२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी निरोगी माणसांवर हे तपासलं, आणि तसं संरक्षण दिसलं नाही. तेव्हा ऑनलाइन कुणी "सीबीडीवाला आहे, काही होत नाही" म्हणून विकत असेल तर त्या शब्दावर जाऊ नका.

घेणाऱ्यांशी थोडं थेट बोलते, कारण ऐकणाऱ्यांत तेही आहेत. न घेणं सगळ्यात बरं, हे तुम्हाला माहीत आहे. तरी घेताच, तर खाल्ल्यावर किमान दोन तास दुसऱ्याला हात लावू नका. दम छातीत कोंडून धरल्यानं नशा वाढत नाही, फुप्फुसं मात्र जळतात. चिलमीला ओली साफी, म्हणजे ओलं फडकं, लावलं म्हणजे धूर गाळला जातो, या समजुतीवर विसंबू नका. बिडीतली तंबाखू मिसळता, त्यानं तंबाखूचं व्यसन वेगळंच लागतं. हलका माल म्हणून दम वाढवत नेलात तर तो हलका राहत नाही. काही आठवडे बंद ठेवून परत घेताना जुनं प्रमाण घेऊ नका, शरीराची सवय मोडलेली असते. आणि त्या दिवशी मोटारसायकल, ट्रॅक्टर, चारा कापायचं यंत्र, कशालाही हात लावायचा नाही. आपल्याकडच्या रात्री, उसाच्या ट्रॉल्यांमागे दिवे नसलेले रस्ते, तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

आईवडिलांना एकच विनंती. पोरगा रात्री असा घाबरलेला आला, तर त्या वेळी मारहाण नको, चौकशी नको. जवळ बसा. श्वास मंद वाटला, उठवून उठत नसेल, छातीत दुखत असेल, किंवा लहान लेकरानं चुकून भांगेचा पेढा किंवा गोळी खाल्ली असेल, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना काय खाल्लं ते खरं सांगा. पोलिसांच्या भीतीनं खोटं सांगितलं की आम्ही चुकीच्या आजारामागे धावतो. व्यसनी माणूस उपचारासाठी स्वतःहून पुढे आला तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारं कलम त्याच १९८५ च्या कायद्यात आहे, ६४-अ.

तो मुलगा आता पुण्याला शिकतो. गेल्या दिवाळीला येऊन गेला. त्याच्या खोलीतला एक मित्र रोज ओढतो, त्याच्यासाठी नंबर मागत होता. त्याला दिला तोच तुम्हालाही देते, कागद-पेन्सिल घ्या. व्यसनमुक्तीसाठी देशभर चालणारा मोफत क्रमांक आहे १४४४६. मन बेचैन असेल, झोप नसेल, आवाज येत असतील, तर टेलिमानसचा क्रमांक १४४१६, तोही मोफत आणि मराठीत बोलता येतं. पुन्हा सांगते. व्यसनासाठी एक चार चार चार सहा. मनासाठी एक चार चार एक सहा.

नमस्कार.