आजोबांचा फॉर्म

(न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाच्या 2025 च्या दिवाळी मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं आवरून घेतलेलं.)

नमस्कार मंडळी.

कमिटीने मला 'आपली मुलं आणि आपली भाषा' हा विषय दिला होता, तयारीही झाली होती, पण गेल्या शनिवारी घरी एक प्रकार झाला आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये, म्हणून अध्यक्षांना विचारून मी आज तेच बोलणार आहे. एक आधीच सांगतो, आपलं मंडळ 501(सी)(3), म्हणजे टॅक्समाफी असलेली संस्था आहे, या स्टेजवरून कुठल्या उमेदवाराचा प्रचार करता येत नाही आणि मला तो करायचाही नाही.

झालं असं की आमच्या डेव्हलपमेंटच्या मागे झाडांची जुनी नर्सरी होती, ती बंद पडली, आणि आता त्या जागेवर 180 अपार्टमेंट्स येतायत, त्यातली 36 अफोर्डेबल हाउसिंगची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी. इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या टाउनशिपमध्ये हेच चाललंय, त्यामुळे समजावत बसत नाही. शेजाऱ्यांनी विरोधात पिटिशन काढलं. मी सही केली, आणि नुसती सही करून थांबलो नाही, आजूबाजूच्या देशी घरांतून सह्या गोळा करायचं काम अंगावर घेतलं. शनिवारी सकाळी ते कागद डायनिंग टेबलावर पडले होते आणि आमची लेक, सोळा वर्षांची, पोहे खाताखाता वाचत होती. मग तिने फोनवर अफोर्डेबल युनिटसाठीच्या अर्जाचा नमुना काढला, खालपर्यंत वाचला आणि मला विचारलं, "बाबा, आजोबांनी भरला होता तो फॉर्म हाच ना?"

माझा आवाज चढला. तो फॉर्म वेगळा, तो देश वेगळा, आजोबांनी आयुष्यभर घाम गाळला होता, तुला काय माहितीये, असं बरंच काही बोललो. ती "ओके" म्हणाली, ताटली सिंकमध्ये ठेवली आणि वर निघून गेली. ही ओट्यापाशी होती. ती एवढंच म्हणाली, "तिने फक्त विचारलं."

आठ दिवस झाले, ते "फक्त विचारलं" माझ्या डोक्यातून जात नाहीये.

माझे बाबा, म्हणजे लेकीचे आजोबा, परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणाईत होते, त्यांच्या आधी माझे आजोबा तिथेच. ज्यांचं लहानपण त्या बाजूला गेलंय त्यांच्या कानात आत्ता भोंगा वाजला असेल, बाकीच्यांना तो सांगून ऐकू येणार नाही. आजोबा लाल बावट्याचे. कॉम्रेड डांग्यांची सभा कामगार मैदानावर असली की घरात जेवण लवकर व्हायचं. बाबा मात्र शिवसेनेच्या शाखेवर जायला लागले, कारण त्यांचा धाकटा भाऊ, माझा काका, मॅट्रिक होऊन दोन वर्षं ऑफिसांचे जिने चढत होता आणि त्याला कुठे चिकटता येईना, शेवटी तोही गिरणीतच बदली कामगार म्हणून लागला, कायमचा माणूस आला नाही तरच काम. 1970 ला कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंच्या खुनानंतर परळची पोटनिवडणूक झाली, त्यात आजोबांनी मत दिलं त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाईंना आणि बाबांनी सेनेच्या वामनराव महाडिकांना. दोघं मतदानाला चालत एकत्रच गेले होते, आजी हे कौतुकाने सांगायची.

मग 18 जानेवारी 1982, गिरण्यांचा संप. अडीच लाख कामगार बाहेर. मी दहा वर्षांचा होतो. बाबा आता डॉक्टरांचे झाले होते, संपाचे पुढारी दत्ता सामंत, त्यांना आमच्याकडे नुसतं डॉक्टरच म्हणायचे, आणि बाबांची निष्ठा अशी की घरात चहा कोरा झाला तरी डॉक्टरांबद्दल वावगा शब्द खपवून घ्यायचे नाहीत. पहिलं वर्ष सगळेच तग धरून होते, बरेच जण गावाला निघून गेले. दुसऱ्या वर्षी, पावसाळ्यात, एका सकाळी मी गॅलरीत दात घासत होतो तेव्हा काका त्याच्या खोलीतून बाहेर आला. शेजारचीच खोली त्याची. त्याने डबा पेपरात गुंडाळून सदऱ्याच्या आत पोटाशी धरला होता, वरून छत्री. डबा दिसला असता तर कुठे चाललाय ते कळलं असतं. तरी बाबांना कळलंच. ते ओरडले नाहीत. "माझ्या दारावरनं जाऊ नको परत," इतकंच म्हणाले. त्यानंतर अकरा वर्षं काका पलीकडच्या जिन्याने जात-येत होता, संडासाच्या बाजूच्या. त्याने संपाविरुद्ध असलेल्या काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाची पावती फाडली आणि जन्मभर पंजाला मत दिलं. बाबांनी 1984 ला डॉक्टरांना दिलं, देशभर काँग्रेसची लाट असताना डॉक्टर त्या वर्षी दक्षिण-मध्य मुंबईतून खासदार झाले. आजोबांचं मत शेवटपर्यंत लाल बावट्याला. दोन खोल्यांमध्ये तीन झेंडे. लहानपणी मला पक्कं माहीत होतं की माझे बाबा खरे आणि काका गद्दार.

आणि मंडळी, मी हे मत घेऊनच इकडे आलो, लग्न केलं, पोरगी झाली, तरी ते तसंच होतं. एकदा फोनवर काकाबद्दल काहीतरी वाईट बोललो तेव्हा आई पहिल्यांदाच मला मधेच तोडून म्हणाली, "तुझ्या बाबांचा संप माझ्या पगारावर चालला रे. त्याच्याकडे कोण होतं?" आई म्युनिसिपल हॉस्पिटलात आया होती. दर महिन्याला पगार यायचा, कमी असेल पण यायचा. काकाची बायको तीन पोरं घेऊन गावाला, हा बदलीवाला, दोन वर्षं ना पगार ना काही. मी तिच्या पाकिटातल्या पैशांवर वह्या-पुस्तकं आणत होतो आणि त्याला बाबांचं तत्त्व समजत होतो. तत्त्व होतंच बाबांचं, ते मी नाकारत नाही, पण ते उभं कशावर होतं हे मला चाळीस वर्षांचा होईपर्यंत दिसलं नाही.

आता माझं सांगतो. मी 1998 ला आलो. तुमच्यातले अर्धे त्याच लाटेतले, वाय-टू-केवाले, म्हणजे सन 2000 साठी कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेले. एच-वन-बी या कामाच्या व्हिसाचा कोटा 65 हजारांचा होता तो त्याच वर्षी 1 लाख 15 हजार केला गेला आणि 2000 मध्ये 1 लाख 95 हजार, शिवाय ग्रीन कार्ड अडकलं तर सहा वर्षांनंतरही एक्स्टेन्शन मिळायची सोय झाली. दोन्ही कायद्यांवर क्लिंटनची सही आहे. आपण हुशार होतो, राबलो, सगळं खरं, पण दार त्या वेळी मोठं उघडलं गेलं होतं. जानेवारी 2009 मध्ये माझी नोकरी गेली. हिला पाचवा महिना. कोब्राचा, म्हणजे नोकरी गेल्यावर तोच हेल्थ इन्शुरन्स स्वतःच्या पैशाने चालू ठेवण्याचा हप्ता बघून मला रात्री झोप लागेना, आणि फेब्रुवारीत ओबामांच्या स्टिम्युलस कायद्यात तरतूद आली की ज्यांना कामावरून काढलंय त्यांच्या कोब्राच्या हप्त्याचा 65 टक्के भार सरकार उचलेल, नऊ महिने. मे महिन्यात लेक झाली. सिटिझन झाल्यावर 2012 ला पहिलं मत कुणाला दिलं असेल ते तुम्हीच ओळखा. मी लोकांना हेल्थकेअरवर लेक्चर द्यायचो, आकडे द्यायचो, पण खरं सांगायचं तर हॉस्पिटलातून पोरीला घरी आणताना बिलाची भीती नव्हती, एवढंच त्यामागे होतं.

मग 2016 ला घर घेतलं. त्यानंतर मी कसा बदलत गेलो ते मला कळलंसुद्धा नाही. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, दर तिमाहीला प्रॉपर्टी टॅक्स, आणि दर वेळी टाउनशिपवर राग. आधी टेनंट होतो तेव्हा भाडं वाढलं की वाटायचं, सरकार काही करत का नाही. आता वाटतं सरकारने कशात पडू नये. या वर्षी आमच्या लॉनवर पाटी लागली ती लोकल इलेक्शनमधल्या ज्या उमेदवारांची, त्यांचा मुख्य मुद्दा होता ही अपार्टमेंट्स थांबवणं. लेकीने पाटी बघितली तेव्हा ती काही बोलली नव्हती. तिने सगळं साठवून ठेवलं असावं.

'माउंट लॉरेल' हा शब्द मी दहा वर्षं टाउनशिपच्या मीटिंगांमध्ये शिवीसारखा ऐकत आलोय. तो काय आहे हे मी या आठवड्यात वाचलं, लेकीच्या शाळेच्या नोट्समध्ये. इथेच साउथ जर्सीत, माउंट लॉरेल नावाच्या गावात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या काळ्या कुटुंबांनी स्वस्त घरं बांधायची परवानगी मागितली, तर 1970 मध्ये तिथल्या मेयरने चर्चमध्ये जमलेल्या लोकांना सांगितलं की परवडत नसेल तर गाव सोडून जा. त्यांच्यातली एथेल लॉरेन्स नावाची बाई कोर्टात गेली आणि 1975 ला न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की वाढत चाललेल्या गावांनी आपल्या वाट्याची परवडणारी घरं होऊ दिली पाहिजेत. आपल्या गावांना मिळालेले परवडणाऱ्या घरांचे आकडे त्या निकालापासून सुरू झालेल्या गोष्टीतून आलेत.

आणि मला आठवल्या मुंबईतल्या बंद गिरण्यांच्या जमिनी. 1991 च्या नियमाने एक तृतीयांश जागा घरांसाठी ठेवायची होती, 2001 ला तो हिशेब फक्त मोकळ्या जागेपुरता केला, उरलेल्यात टॉवर आणि मॉल. बाबा ती कात्रणं उशाखाली ठेवायचे. मग गिरणी कामगारांच्या घरांचे अर्ज निघाले, तेव्हा आम्ही सुट्टीला गेलो होतो, लेक दीड-दोन वर्षांची. तो फॉर्म मी भरला, मंडळी. माझ्या अक्षरात. बाबांनी पत्र्याच्या डब्यातून गिरणीचं ओळखपत्र, ईएसआयचं कार्ड, फंडाची स्लिप असं एकेक काढून दिलं, कार्डावरचा त्यांचा फोटो इतका पुसट झाला होता की फक्त कपाळ आणि भांग दिसत होता. ती मांडीवर बसून फॉर्म ओढत होती, त्याचा फोटो आमच्या जिन्यात लावलेला आहे, तिथूनच तिला सगळं माहितीये. अर्ज आले लाखाच्या वर. बाबा 2016 ला गेले, नंबर लागला नव्हता. ज्या वर्षी मी हे घर घेतलं त्याच वर्षी.

आता थोडं आपल्या सगळ्यांबद्दल बोलतो, राग मानू नका. 2022 ला तिकडे शिवसेना फुटली आणि इकडे आपला व्हॉट्सॲप ग्रुप फुटला. ढोल-ताशा पथकातले दोन जण, वीस वर्षांचे मित्र, आजही एका रांगेत वाजवत नाहीत. ज्या पक्षांच्या निवडणुकीत आपल्यापैकी बहुतेकांना मतच नाही, त्यांच्यासाठी आपण एकमेकांना विकला गेलास, भक्त आहेस, गुलाम आहेस म्हणतो. त्या माणसाचं त्या वर्षी काय चाललं होतं हे आपण विचारतो का? एकाच्या भावाची गावाकडची जमीन हायवेत गेली होती, दुसऱ्याच्या पुतण्याची भरती अडली होती. मला हे दोघांनी वेगवेगळं सांगितलंय, एकमेकांना सांगितलेलं नाही. आणि इमिग्रेशनच्या लाईनमध्ये उभं राहा म्हणून बाकीच्यांना ऐकवणारे आपण, या सप्टेंबरमध्ये नवीन एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर फी लागली तेव्हा याच हॉलच्या पार्किंग लॉटमध्ये भाच्यांच्या काळजीने रात्री अकरापर्यंत उभे होतो. मीही होतो. ती काळजी खोटी नव्हती. पण दुसऱ्या कुणाच्या भाच्यासाठी आपण कधी इतका वेळ उभे राहिलोय हे मला आठवत नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

शनिवारच्या त्या बोलण्यात मी एक वाक्य बोललो होतो ते अजून सांगितलं नव्हतं. मी तिला म्हणालो, "तुझं स्वतःचं घर झालं की कळेल." बोलून गेलो आणि मलाच धस्स झालं, कारण त्याचा अर्थ मी तिला सांगत होतो की तुला आत्ता जे वाटतंय ते टिकणार नाही, परिस्थिती आली की तूही माझ्यासारखी होशील. आणि ते खरं असेल तर? तिला कुठल्याच रांगेत उभं राहावं लागलेलं नाही, डबा पोटाशी लपवून न्यावा लागलेला नाही, तिच्या मताची किंमत तिने अजून मोजलेली नाही. पण बाबांकडे तरी आईचा पगार होता आणि काकाकडे तेवढंही नव्हतं. माझ्याकडे तर आज घर आहे, नोकरी आहे, इन्शुरन्स आहे. मग मला कसली सक्ती आहे, हे मी स्वतःला विचारतोय आणि उत्तर सापडत नाहीये. शाळेवर लोड येईल, ट्रॅफिक वाढेल, हे मुद्दे मला अजूनही खरे वाटतात. 36 घरांत कोण येईल याचा विचार केला की डोळ्यासमोर बाबा येतात, हेही खरंय.

सह्यांचे कागद अजून माझ्याकडेच आहेत, मी ते पुढे दिलेले नाहीत. मंगळवारी साडेसातला प्लॅनिंग बोर्डाची हिअरिंग आहे, बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं देतात आणि मी आधीच नाव देऊन बसलोय. लेक येणार आहे, तिच्या गव्हर्नमेंटच्या क्लाससाठी तिला तिथे बसून लिहायचंय. काल गाडीत तिने विचारलं की बाबा, तू काय बोलणार आहेस. मी तिला म्हणालो, आधी आजीला फोन लावू या.

धन्यवाद.