आज शाळेला सुट्टी का?

(नागपुरातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'घरचं शिक्षण : कायदा आणि परीक्षा'. त्याच्याकडे मी येणार आहे. पण रविवारी सकाळी तर्री-पोहे सोडून तुम्ही कलमं ऐकायला आलात, असं मला काही वाटत नाही. पोरांना शाळेत न घालणारी बाई दिसते कशी, हे तुम्हाला बघायचंय. तर बघून घ्या.

आमची थोरली सात वर्षांची, धाकटा पाच. दोघं घरीच शिकतात. म्हणजे मी सकाळी फळा मांडून उभी असते असं नाही. भाषा आणि गणित मिळून तास-दीड तासात आटोपतं. हजेरी नाही, रांगा नाहीत, चाळीस वह्या तपासायच्या नाहीत, मग वेळ लागणार कशाला? बाकीचा दिवस मोकळा. आणि लोकांना धडकी भरते ती या मोकळ्या दिवसाची.

सकाळी अकराला मुलांना घेऊन सीताबर्डीत जाऊन बघा. भाजीवाली मावशी विचारते, 'काय वं बाई, आज शाळेले सुट्टी हाय का?' सुट्टी नाही, शाळाच नाही म्हटलं की परीक्षा सुरू. ऑटोवाले दादा आरशातून 'बारा साते किती?' विचारतात. औषधाच्या दुकानात स्पेलिंग. एका लग्नात तर पंगतीत वाढता वाढता एका मामांनी थोरलीला विचारलं, 'तेरा आठे?' ती म्हणाली, एकशे चार. मामांनी बुंदीचं पातेलं खाली ठेवलं, मोबाइल काढला आणि खात्री करून घेतली. हसा, हसा. शेजारी त्यांचा स्वतःचा चौथीतला मुलगा निवांत जेवत होता, त्याला कुणी काही विचारेना. शाळेचा शिक्का बसला की पोराला पंगतीत सुखानं जेवता येतं.

माझं म्हणणं असं की नागपूरकरांनी तरी आम्हाला एवढं अप्रूपानं बघू नये. बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्याला शाळा उघडतात, विदर्भात त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी. का, ते तुम्हाला सांगायला नको. २०१३ च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ वर गेला होता. उन्हाळ्यात दुपारी या शहरात कुणी कुणाकडे जात नाही. पडदे ओढलेले, कूलरची घरघर, मोठी माणसं आडवी आणि पोट्टे जागे. त्या दुपारी तुमच्याही घरी शिकणं चालूच असतं. आम्ही फक्त जूनमध्ये ते थांबवत नाही.

कूलरचं सांगते. गेल्या मे महिन्यात थोरली कूलरमध्ये पाणी भरायच्या कामावर होती. (प्लग काढल्याशिवाय कुणीही कूलरला हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा पहिला धडा. ओल्या पत्र्यात करंट उतरून आपल्याकडे दर उन्हाळ्यात माणसं जातात.) गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात पोळेल असं. ते पाइपनं आत सोडताना तिला प्रश्न पडला की पाणी इतकं गरम, बाहेरची हवा त्याहून वाईट, मग खोलीत गार वारं येतं कुठून? मी सांगणार तेवढ्यात माझ्या सासऱ्यांनी हातानंच मला थांबवलं आणि तिला विचारलं, 'मग माठातलं पाणी कोण गार करते?' इतकं बोलून ते कुशीवर वळले. घोरायलासुद्धा लागले.

झालं. दोन दिवस घरात ओले रुमाल. एक कूलरसमोर, एक खिडकीत, एक बंद डब्यात. बाहेरचा रुमाल पापडासारखा कडक झाला, डब्यातला जसाच्या तसा ओला. मग ओल्या दंडावर फुंकर मारून बघणं. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, कूलरच्या खसाच्या ताट्या त्याच्यासाठीच ओल्या ठेवायच्या, इथवर ती माझ्या थोड्या मदतीनं आली. टाकीतलं पाणीही तासाभरात गार होतं, हे धाकट्यानं शोधलं. त्याचा हात कायम तिथेच असतो. कूलर बंद असताना, हो.

पण खरी मजा जुलैत आली. पाऊस लागला, कूलर लावला तर नुसतं चिकट वारं. 'आता का नाही होत गार?' पुन्हा रुमाल निघाले, आणि या वेळी दिवसभर वाळेनात. हवेतच पाणी भरलेलं असेल तर रुमालातलं जाणार कुठे? या धड्याचे दोन भाग, आणि मध्ये दीड महिना. वेळापत्रकात असा धडा बसवून दाखवा, मी उद्या मुलांना शाळेत घालते.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. बरं, कायदा.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून, वय सहा ते चौदा. कलम १० म्हणतं, मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य. मात्र ते न करणाऱ्या पालकाला त्या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही. आमच्यासारखे लोक या फटीत राहतात. फट म्हणजे परवानगी नव्हे, हे डोळे उघडे ठेवून समजून घ्या. उद्या मूल म्हणालं, मला शाळेत जायचंय, तर? कलम ४ बघा. शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो, सातव्या-आठव्या वर्षी पहिलीत बसावं लागत नाही.

परीक्षा. शाळेत न जाता ती द्यायची जागा म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, एनआयओएस. तिथे तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या पातळ्या आहेत. दहावीसाठी चौदा वर्षं पूर्ण हवीत. जन्मदाखला आणि आधारवरचं नाव अक्षरशः एकसारखं आहे का, ते आजच बघून घ्या.

मित्र कुठून मिळतात, हे सगळे विचारतात. गल्लीतून. संध्याकाळी पाचनंतर सगळीच मुलं बिनशाळेची असतात. आणि तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारोदार फिरताना कुणी शाळेचं नाव विचारत नाही.

आईच्या नोकरीचा मुद्दा राहिला. तो मोठा आहे, कडूही आहे, आणि दोघांपैकी एकाचा पगार सोडणं ज्यांना परवडतच नाही त्यांना मी कुठल्या तोंडानं हे सगळं सांगू? दुसरी चिठ्ठी आली. त्यावर बाहेर चहा घेताना बोलू.