बदलीचा हुकूम आणि अर्धवट धडा

तुरुंगातल्या शिक्षणाचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला: गुन्हेगारांना फुकट शिकवायचं कशासाठी? अमेरिकेत १९९४ साली याच प्रश्नाची सरशी झाली. गरीब विद्यार्थ्यांना मिळणारं पेल अनुदान कैद्यांना बंद झालं. ते घेणाऱ्यांत कैदी एक टक्काही नव्हते. तरी तुरुंगांतले कॉलेजचे वर्ग एकामागून एक बंद पडले. अनुदान पुन्हा खुलं व्हायला २०२३ चा जुलै उजाडला.

दरम्यान २०१३ मध्ये रँड या संशोधन संस्थेने तिथले अनेक अभ्यास एकत्र तपासले होते. पुन्हा तुरुंगात येण्याचं प्रमाण शिकलेल्यांमध्ये १३ टक्क्यांच्या फरकाने कमी, आणि शिक्षणावरच्या एका डॉलरमागे सुटकेनंतरच्या पहिल्या तीन वर्षांत चार ते पाच डॉलरची बचत. कोणी म्हणेल, वर्गात येणारा मुळातच सुधारायच्या बेतात असतो. शंका रास्त आहे. म्हणूनच संशोधकांनी काटेकोर अभ्यास वेगळे काढूनही पाहिले. फायदा तिथेही दिसला.

तेव्हा उपयोगाचा वाद मी इथेच सोडतो. माझी तक्रार वेगळी आहे. तुरुंगात शिक्षण सवलत म्हणून मिळतं, आणि सवलत कधीही काढून घेता येते. दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगातले राजकीय कैदी टपालाने पदवीचा अभ्यास करायचे. १९७७ मध्ये मंडेलांच्या आत्मचरित्राचं पुरून ठेवलेलं हस्तलिखित सापडलं आणि त्यांचा अभ्यास चार वर्षं बंद झाला.

आज इतकं नाट्य लागत नाही, साधी बदली पुरते. चाळिशीतला एखादा कैदी घरचं पत्र आलं की ‘चष्मा सापडत नाही’ म्हणत शेजाऱ्याकडून वाचून घेतो. पोरांच्या वर्गात जाऊन बसायची त्याला लाज वाटते. ब्रिटनमधल्या शॅनन ट्रस्टने यावर छान तोड काढली: वाचता येणारा कैदीच न येणाऱ्याला शिकवतो. एकास एक, दिवसाला वीस मिनिटं. पण अशा माणसाला जोडाक्षरं जमायला लागावीत आणि त्याच आठवड्यात त्याला दुसऱ्या तुरुंगात हलवावं, की संपलं. तिथे पुन्हा चाचणी, पुन्हा ‘क’पासून सुरुवात. दुसऱ्यांदा तो नाव नोंदवत नाही, आणि आपण नोंद करतो, ‘शिक्षणात रस नाही’.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या, कैद्यांना कसं वागवावं हे सांगणाऱ्या मंडेला नियमांतला १०४ वा नियम सांगतो की कैद्यांचं शिक्षण शक्य तितकं देशाच्या शिक्षणव्यवस्थेशी जोडलेलं हवं, म्हणजे सुटल्यावर ते पुढे चालू ठेवता येईल. नॉर्वेत शिक्षक बाहेरच्या शाळेचे असतात, तुरुंगाचे नव्हेत. सगळीकडे उद्या हे होणार नाही. पण बदलीच्या हुकुमावर सही करण्याआधी ‘याची परीक्षा कधी आहे?’ एवढं विचारायला पैसा लागत नाही. कैद्याच्या कागदपत्रांबरोबर त्याची वहीही पाठवायची, आणि तिकडच्या शिक्षकाने ती उघडून पुढचा धडा घ्यायचा.