कुलूप किती जुनं, कुठलं?

[दृश्य : टेबलावर पितळी कुलूप, शेजारी किल्ली. कॅमेरा जवळ जातो.]

नाशिकच्या गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जुन्या सामानाच्या ढिगात असं कुलूप अजून सापडतं. तळहातावर मावणारं, पण उचललं की वजन जाणवणारं. विकणारा म्हणतो, "इंग्रजांच्या काळातलं आहे." असेलही. खात्री मात्र कुलूप नीट बघूनच करायची.

आधी एक कळकळीची विनंती. घरी आणल्या आणल्या ते चिंच लावून घासू नका. पितळेवरचा काळपट थर, अक्षरांत बसलेला मळ, कानशीचे बारीक ओरखडे हे सगळे पुरावे आहेत. पुसट झालेला ठसा एकदा घासला गेला की परत मिळत नाही. मऊ, कोरड्या ब्रशनं धूळ झटका, बॅटरीचा उजेड तिरपा टाका आणि भिंगातून बघा.

[दृश्य : तिरप्या उजेडात अक्षरं उमटतात.]

आपली नजर पहिल्यांदा नावावर जाते. मी मात्र नाव शेवटी वाचायला सांगेन. ठसा कुणालाही मारता येतो, आणि खपणाऱ्या मालाच्या नकला तेव्हाही होत होत्या. कुलपाची घडण बदलणं तेवढं सोपं नाही.

म्हणून सुरुवात किल्लीपासून. गोल दांडी आणि टोकाला खाचा पाडलेलं चपटं पातं असेल, तर आत बहुधा लीव्हर आहेत. लीव्हर म्हणजे एकावर एक बसवलेल्या पट्ट्या. प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीवर उचलली गेली, कमीही नाही आणि जास्तही नाही, तरच खटका सरकतो. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरननं 1778 साली ही युक्ती पेटंट केली. 1818 मध्ये जेरेमाया चबनं तिच्यात भर घातली : कुणी चुकीची किल्ली चालवून पाहिली तर एक लीव्हर अडकून बसतो आणि मालकाला ते कळतं. मला ही कल्पना आजही थक्क करते.

किल्ली चपटी आणि कडेला करवतीसारखे चढउतार असतील, तर आत बहुधा पिना आहेत. ही आजची ओळखीची रचना अमेरिकेतल्या लायनस येल ज्युनियरनं 1860 च्या दशकात पेटंट केली. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. घडण सांगते ती "याच्या आधीचं नाही" एवढीच मर्यादा. लीव्हरची कुलपं आजही बनतात, त्यामुळे लीव्हर दिसले म्हणून कुलूप जुनं ठरत नाही.

[दृश्य : कुलपाची पाठ, रिवेटची डोकी, स्क्रू.]

आता अंग. पोलादी पत्र्यांचे थर रचून रिवेटनं आवळलेलं कुलूप ही अमेरिकेतल्या हॅरी सोरेफची कल्पना, 1920 च्या दशकातली. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू 1930 च्या दशकात बाजारात आला. जुन्या कुलपावर तो दिसला, तर कुणीतरी नंतर ते उघडलेलं आहे.

मग ठसे. 'मेड इन' लिहिण्याची पद्धत रुळली ती 1887 च्या ब्रिटिश कायद्यानंतर. विलनहॉल किंवा वुल्व्हरहॅम्प्टन ही नावं इंग्लंडमधल्या कुलूपगावांची. आपल्याकडे अलीगढ मोठं, आणि मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी 1897 साली कुलपांचा कारखाना काढला. गोदरेजचं 'नवताल' कुलूप 1954 चं. कुलपावर हे नाव असेल, तर इंग्रजांचा काळ विसरा.

नाशिककरांसाठी एक खास खूण आहे : जी.आय.पी. ही अक्षरं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, जिच्या मार्गावर आपलं नाशिक रोड स्टेशन. ही कंपनी 5 नोव्हेंबर 1951 रोजी मध्य रेल्वेत विलीन झाली, म्हणजे असं अस्सल कुलूप त्याआधीचं. तीन रेघांचा बाण असेल, तर तो ब्रिटिश सरकारी मालमत्तेचा. देवळालीसारखी लष्करी छावणी शेजारी असताना तो इथे दिसण्यात नवल नाही.

आणि ठसा नसेल तर? "आपल्याच तांबटांनी घडवलंय" असं सांगून पितळी कुलूप विकलं जातं. नाशिकच्या तांब्यापितळेचा मलाही अभिमान आहे. पण धातू गाव सांगत नाही. तिथे "माहीत नाही" असंच लिहावं.

[दृश्य : जुन्या वाड्याचं दार, कडी-कोयंडा.]

कारखाना ठशावरून कळेल. पण ते कुलूप बळदाच्या, म्हणजे धान्य साठवायच्या जागेच्या, दाराचं होतं की पेढीच्या, हे दार गेलं की कुणीच सांगू शकत नाही. जुन्या नाशकात वाडे उतरवले जात आहेत. तुमच्या घरचा वाडा उतरणार असेल, तर कुलूप काढण्याआधी दारासकट त्याचा फोटो घ्या. चिठ्ठीवर गल्ली, वाडा, दार आणि तारीख लिहा, आणि किल्लीसकट ती चिठ्ठी कुलपाच्या कडीला बांधून ठेवा.