संध्याकाळी सात वाजता करायचं काय?

(भोसरीत एका कामगार वसाहतीच्या हॉलमध्ये केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, फक्त थोडं नीट लावलंय.)

मंडळी, आपल्याकडे दारू प्यायला दारू हा शब्दच लागत नाही. शनिवारी दुपारी फोन येतो, "काय, आज बसायचं का?" आणि एवढ्यावर सगळं कळतं, कुठं, कोण कोण, चकणा कोण आणणार, शेवटी घरी कोण सोडणार. मी अठरा वर्षं असा बसलो. आता अकरा वर्षं झाली, बसत नाही. आणि या सगळ्यातून मला जे कळलं ते एवढंच की सोडताना आपण बाटलीचा विचार करत बसतो, पण खरी अडचण बसण्याची असते, म्हणजे संध्याकाळी सात वाजले की आता मी कुठं जाऊ आणि कोणाजवळ बसू.

आधी थोडा हिशोब सांगतो कारण तो आपल्याला कोणी सांगत नाही. तीस मिलीच्या पेगमध्ये, व्हिस्की असो की रम, साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. क्वार्टर म्हणजे 180 मिली, म्हणजे 60 ग्रॅम. आता जो म्हणतो "मी काय फक्त बिअर घेतो", त्याची ती 650 मिलीची स्ट्राँगची बाटली, 8 टक्क्यांची धरा, त्यात 40 ग्रॅमच्या वर जातं. चार पेग झाले की हे! आणि लिव्हर तासाला साधारण एका पेगएवढंच काम करतं, लिंबू पिळा, ताक प्या, गार पाण्यानं आंघोळ करा, त्याचा वेग वाढत नाही. म्हणजे रात्री नऊपासून नाइन्टी नाइन्टी करत दोन क्वार्टर झाल्या असतील तर सकाळी सातच्या शिफ्टला प्रेस मशीनवर उभा असलेला माणूस अजून प्यालेलाच असतो. मी असा उभा राहिलोय. बोटं दहाच्या दहा शाबूत आहेत हे नशीब.

दारूनं कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं 1988 सालीच सांगितलंय, आणि 2023 मध्ये संघटनेनं साफ सांगितलं की सुरक्षित असं प्रमाणच नाही. हे खरंच आहे, पण माझ्या ओळखीत हे वाचून सोडलेला माणूस मला भेटला नाही. लिव्हरचा रिपोर्ट बघून थांबलेले भेटले, आणि पुढचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून त्याच रात्री पार्टी केलेले पण भेटले.

माझं काय झालं सांगतो. मुलगी सातवीत होती. एकदा सकाळी ब्रश घ्यायला बेसिनपाशी गेलो तर आरशाच्या खालच्या फळीवर तिची गणिताची वही उघडी ठेवलेली, पेन्सिल मध्ये घालून, गणिताला गोल केलेला. म्हटलं रात्री का नाही विचारलंस, तर म्हणाली, "रात्री नको बाबा, सकाळी तुम्ही नीट सांगता." राग नाही, रडणं नाही, तक्रार पण नाही. तिनं आपलं टाइमटेबल लावून घेतलं होतं, बाप सातनंतर उपयोगाचा नाही हे धरून. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही. बायको दहा वर्षं भांडत होती तेव्हा मी पण भांडायचो, इथं भांडायला समोर कोणीच नव्हतं.

तरी त्या दिवशी नाही सोडली हां. पुढं श्रावण होता, म्हटलं श्रावण पाळू. आपल्याकडे गटारीला कोटा भरून घेतात, मग श्रावण पाळतात, काहीजण गणपतीचं विसर्जन होईपर्यंत थांबतात, आणि वर म्हणतात बघा, मी कधीपण सोडू शकतो. मी पण हेच म्हणायचो. पण खरं सांगा, त्या महिन्यात आपण करतो काय? दिवस मोजतो. सात वाजता घरात येरझाऱ्या, टीव्हीचे चॅनल बदलणं, बायकोच्या भाजीला नावं ठेवणं. जागा रिकामी झालेली असते आणि तिथं काहीच ठेवलेलं नसतं.

आता एक गोष्ट फार महत्त्वाची, ही नीट ऐका. रोज भरपूर पिणाऱ्यानं देवाची शपथ घेऊन एका रात्रीत एकट्यानं बंद करू नये. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप जाते, काहींना फिट येते, दोन-चार दिवसांत भास व्हायला लागतात, भिंतीवर किडे दिसतात, माणूस दगावू पण शकतो. त्यावर औषध आहे, डॉक्टर गोळ्या देतात, बी-वन व्हिटॅमिन देतात, फक्त त्यांना किती पीत होता तो आकडा खरा सांगा, अर्धा करून सांगू नका. आणि घरातल्या बायकांना हात जोडून सांगतो, भिंतीवर लिहिलेलं असतं ना, "न सांगता दारू सोडवा", ती पावडर आमटीत घालू नका. त्यात काय असतं कोणाला माहीत. डायसल्फिराम म्हणून खरी गोळी आहे, ती घेतल्यावर वर दारू प्यायली तर शरीरात ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य साठतं, तोंड लाल, उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली. ती माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनं, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायची असते. चोरून घातली तर एखाद्या दिवशी जीव जाईल.

अमेरिकेत 1935 साली बिल नावाचा एक शेअर दलाल, दारू सोडून थोडेच महिने झालेले, ॲक्रन गावात धंद्याचं काम फिसकटलं म्हणून हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा होता. एका बाजूला बार, आवाज येतोय, दुसऱ्या बाजूला फोन. त्यानं फोन उचलला आणि चर्चवाल्यांना विचारत सुटला की मला बोलायला एखादा दारूडा गाठून द्या. मिळाला तो सर्जन होता, डॉक्टर बॉब. त्या दोघांच्या बसण्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची संघटना उभी राहिली. बघा, तिथं पण बसणंच आहे, बाटली तेवढी काढून घेतली.

आपल्याकडचे माळकरी घ्या. माळ घातली की दारू सुटली अशी माणसं प्रत्येक गावात आहेत, आणि लोक म्हणतात पांडुरंगाची कृपा. असेलच. पण हे पण बघा की संध्याकाळी हरिपाठाला देवळात जायचंय, टाळ हातात आहे, दहा माणसं वाट बघतायत. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढलं, पुलं आणि सुनीताबाईंनी त्याला मदत केली, तिथं पिणाऱ्यांच्या बायकांसाठी सहचरी म्हणून वेगळा गट आहे. मला तो विचार फार आवडतो, कारण सात वाजता घरात पण एक माणूस असतं, त्याचे कान गाडीच्या आवाजाकडे लागलेले असतात, पार्किंगला गाडी कशी लागली यावरून तिला कळतं आज किती झालीय. नवऱ्याची सुटली तरी तिचे कान लगेच सुटत नाहीत. माझ्या घरी दोन वर्षं लागली.

मी काय केलं? सोडलेल्या माणसांची मीटिंग सापडली, आठवड्यातून तीन दिवस, सात ते साडेआठ, वडाचं झाड आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या. बाकीच्या दिवशी पीठ आणायला मी जायचो, गिरणीत मुद्दाम रांगेत शेवटी उभा राहायचो. जुने दोस्त पहिल्या वर्षी तुटले, वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. त्यातले दोघं आज इथं मागच्या रांगेत बसलेत.

बाहेर चहा ठेवलाय. कोणाला एकट्यानं काही बोलायचं असेल तर मी हॉलची चावी घेऊन साडेआठपर्यंत इथंच आहे.